लष्करातून शाळेत : जनरल जगन्नाथराव भोसले आणि निर्वासितांची पोरं

आज जेऊरहून बोलतोय. मागे अधूनमधून गाडीचा आवाज आला तर चालवून घ्या. आपलं घर स्टेशनपासून लांब नाही, आणि पुणे-सोलापूर लोहमार्गावर दिवसभर काही ना काही धावतच असतं. ज्यांना ऐकायला सवड नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग इथे लिहून ठेवतोय. बोलताना जे विस्कळीत झालं ते जरा सावरून घेतलंय, एवढंच.

आजचा विषय मला सुचलेला नाही. तो नानांनी दिला.

नाना म्हणजे आमचे चुलते. फौजेत सुभेदार होते, निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. करमाळा तालुक्यात असा माणूस प्रत्येक गावात एक तरी सापडतोच. काळी ट्रंक घेऊन जेऊर स्टेशनवर उतरलेला, पहिले सहा महिने गावाला शिस्त लावायला बघणारा आणि नंतर केळीच्या बागेत रमलेला. तर नानांना एका शाळेनं बोलावलं. मुलांची थोडी परेड घ्या, आग लागली, भूकंप झाला तर काय करायचं ते शिकवा, एक मॉक ड्रिल करून दाखवा. नाना खूश. इस्त्रीचे कपडे, पदकं, शिट्टी. मोबाइलवर सायरन शोधला, तो लाउडस्पीकरला जोडला आणि कुणाला काही न सांगता भर तासाला वाजवला. 'खरी परिस्थिती सांगून येत नाही,' हे त्यांचं म्हणणं.

पोरं पळाली. थोडी हसली, थोडी रडली. एक मुलगा मात्र हललाच नाही. बाकाखाली शिरून कानावर हात घेऊन बसला. नाना त्याच्यावर ओरडले, तसा तो आणखी आत सरकला. नंतर बाईंनी नानांना बाजूला घेऊन सांगितलं, की या पोराच्या घरात मागच्या वर्षी एक अपघात झाला, आणि अॅम्ब्युलन्सचा तो आवाज त्यानं फार जवळून ऐकलाय.

त्या संध्याकाळी नाना माझ्याकडे आले. चहा तसाच निवला. म्हणाले, "मी सीमेवर होतो रे. असा कान झाकून बसलेला जवान मी बघितलाय. त्याच्यावर मी कधी ओरडलो नाही. मग या लेकराच्या अंगावर का ओरडलो?" आणि थोड्या वेळानं, "तू सारखा इतिहास सांगत असतोस. माझ्यासारखा कुणी फौजी माणूस आधी शाळेत गेलाय का? त्यानं काय केलं?"

तर नाना, हा भाग तुमच्यासाठी.

तिरोड्याचा मुलगा

उत्तर आहे, आणि ते चांगलं मराठी आहे. सावंतवाडीजवळ तिरोडे नावाचं गाव आहे. तिथले जगन्नाथराव कृष्णराव भोसले. नेताजींच्या आझाद हिंद सेनेतले जनरल भोसले म्हणून काही श्रोत्यांना नाव ठाऊक असेल. पण त्यांच्या आयुष्याचा जो भाग आज सांगायचाय, तो युद्ध संपल्यानंतरचा आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही.

आधी थोडक्यात पहिला भाग. भोसले डेहराडूनच्या लष्करी शाळेत शिकले, तिथून इंग्लंडला सँडहर्स्टला गेले. राजाचं कमिशन मिळालेल्या सुरुवातीच्या मोजक्या हिंदी अधिकाऱ्यांपैकी ते एक. दुसऱ्या महायुद्धात त्यांची नेमणूक मलायाच्या आघाडीवर होती. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर हजारो हिंदी सैनिकांना गोळा करून जपान्यांच्या हवाली करण्यात आलं. काल ज्या साहेबाच्या हुकमावर मरायला तयार होतो, त्यानंच आज आपल्याला मेंढरासारखं मोजून दुसऱ्याच्या ताब्यात दिलं, हा अनुभव त्या सैनिकांनी घेतला. भोसल्यांच्या पिढीच्या मनात काय मोडलं असेल याचा अंदाज आपण घरात बसून करू शकत नाही.

पुढे आझाद हिंद सेना. २१ ऑक्टोबर १९४३ ला नेताजींनी हंगामी सरकार जाहीर केलं, त्यात सेनेचे प्रतिनिधी म्हणून भोसल्यांचं नाव आहे. सेनेचे चीफ ऑफ स्टाफ, पद मेजर जनरलचं. मग पराभव, मग ब्रिटिशांची कैद.

आणि स्वातंत्र्य आलं तेव्हा काय झालं? आझाद हिंद सेनेच्या माणसांना भारतीय सैन्यात परत घेतलं नाही. म्हणजे बघा, देश स्वतंत्र झाला, आणि त्यासाठी लढलेला जनरल बिनसैन्याचा झाला. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत भोसले काँग्रेसतर्फे रत्नागिरी उत्तर मतदारसंघातून लोकसभेवर गेले आणि केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. पुनर्वसन कुणाचं? फाळणीच्या निर्वासितांचं.

छावणीतली पोरं

आता आकडे सांगतो. १९५१ च्या जनगणनेत पाकिस्तानातून भारतात आलेल्या निर्वासितांची नोंद सत्तर लाखांच्या वर आहे. एकट्या दिल्लीत सुमारे पाच लाख. आपल्याकडे कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बांधलेली छावणी होती. तिथल्या बराकींत नव्वद हजारांहून जास्त सिंधी माणसं येऊन पडली, आणि १९४९ मध्ये त्याच छावणीचं उल्हासनगर झालं. सैनिकांसाठी उभ्या केलेल्या बराकींत लेकरांचे पाळणे टांगले गेले.

दिल्लीत लाजपतनगरला कस्तुरबा निकेतन नावाचं एक ठिकाण होतं. ज्यांचा पुरुष माणूस मारला गेला किंवा हरवला, अशा बायका आणि त्यांची मुलं तिथे ठेवलेली. आत निवारा, शाळा, शिवणकामासारखे उद्योग. ही मुलं कशातून आली होती ते तुम्हाला माहीत आहे. रेल्वेचे डबे, पायी निघालेले तांडे, जळालेली घरं. काहींनी जे पाहिलं ते सांगायला आईसुद्धा उरली नव्हती. आणि आई असली तरी ती कुठे सांगत होती?

अशा मुलांचं शाळेत काय होतं? कुणी एकाएकी मारामारी करतं, कुणी चोरी करतं, कुणी बोलतच नाही, कुणी मोठा आवाज झाला की गोठून बसतं. आज आपण याला मानसिक आघाताची लक्षणं म्हणू. १९५४ मध्ये मास्तर म्हणायचे, 'पोरगं बिघडलंय, बेशिस्त आहे.' त्या काळाकडे दुसरा शब्दच नव्हता.

शब्द नव्हता म्हणजे किती नव्हता ते सांगतो. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यानं सैनिक थरथरायला लागले, मुके झाले, तेव्हा 'शेल शॉक' हा शब्द आला. चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी १९१५ मध्ये त्यावर लिहिलं. तरीही सैन्यात बराच काळ त्याला भित्रेपणाच समजलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना अॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी मुलांसाठी पाळणाघरं चालवली. त्यांच्या लक्षात आलं, की पुष्कळ लहान मुलांना बाँबपेक्षा आईपासून तुटणं जास्त लागतं. आणि आज आपण ज्याला पीटीएसडी म्हणतो, ते नाव अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत ग्रंथात आलं थेट १९८० मध्ये. तेही व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी वर्षानुवर्षं आग्रह धरला म्हणून.

हे लक्षात ठेवा, नाना. मनाच्या जखमेला नाव मिळालं ते मोठ्या प्रमाणात फौजी माणसांच्या दुखण्यातून. म्हणजे ही जी शाळेतली नवी समज आहे, ती तुमच्या घरचीच आहे. बाहेरून कुणी आणून तुमच्यावर लादलेली नाही.

जुलै १९५४

तर कस्तुरबा निकेतनमध्ये भोसल्यांनी जुलै १९५४ मध्ये एक प्रयोग सुरू केला. पुढे त्याचं नाव पडलं राष्ट्रीय शिस्त योजना. इंग्रजी आद्याक्षरांवरून एनडीएस. आमच्या आधीच्या पिढीतल्या काही शिक्षकांना 'एनडीएसचे सर' आठवत असतील.

नाव ऐकून वाटतं, झालं, आता छडी आणि परेड. परेड होतीच. पण योजनेची रचना नीट पाहिली तर तिच्यात तीन गोष्टी होत्या. एक, शरीराची कसरत आणि कवायत. दोन, मनावर संस्कार, म्हणजे देशाची, थोर माणसांची, एकमेकांशी वागण्याची गोष्ट. आणि तीन, ज्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही : संघटना आणि कारभार. म्हणजे कामं मुलांनीच वाटून घ्यायची, पुढारीपण मुलांनीच करायचं, मोठ्यांनी मागे उभं राहायचं.

आता या तिसऱ्या गोष्टीचा विचार करा. ज्या मुलाच्या आयुष्यात जे काही घडलं ते सगळं दुसऱ्यानं घडवलं, ज्याला घर सोडताना कुणी विचारलं नाही, छावणी कुठली हे कुणी विचारलं नाही, त्या मुलाच्या हातात तुम्ही एक ओळ देता. 'ही रांग तुझी. ती तू उभी करायची.' ही लहान गोष्ट नाही. रोज ठरलेल्या वेळी ठरलेली गोष्ट होणार, आणि त्यातली एक माझ्या हातून होणार. विस्कटलेल्या माणसाला याचा फार आधार असतो. सैन्यात हे सगळ्यांना माहीत आहे. लढाईतून परतलेल्या पलटणीला पहिल्यांदा काय देतात? आंघोळ, गरम जेवण, झोप आणि रोजचा रोलकॉल.

भोसल्यांनी हे मानसशास्त्राच्या पुस्तकातून घेतलं असं मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही. मला वाटतं ते त्यांनी आयुष्यातून घेतलं. हरलेल्या, कैद झालेल्या, कुणाच्याच न राहिलेल्या सैनिकांना एकत्र ठेवायचं काम त्यांनी स्वतः केलं होतं, आणि ते स्वतःही त्यांतलेच एक होते.

कस्तुरबा निकेतनवरून ही योजना निर्वासितांच्या इतर शाळांत गेली, आणि मग साध्या शाळांतही. १९५० चं दशक संपता संपता ती पुनर्वसन खात्याकडून शिक्षण मंत्रालयाकडे आली. शिक्षक तयार करायला राजस्थानात सरिस्क्याला केंद्र निघालं. अलवरच्या महाराजांनी शिकारीसाठी बांधलेल्या राजवाड्यात शिस्तीचे मास्तर घडू लागले.

जिथे गाडी रुळावरून घसरली

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा इतिहास होणार नाही, आरती होईल.

योजना जसजशी मोठी झाली, तसतशी तिची मुळं सुटली. कस्तुरबा निकेतनच्या मुलांसाठी जे औषध होतं ते सगळ्यांसाठी एकाच मापाचा गणवेश झालं. शेकडो मुलं एका तालावर हात हलवतायत, पाहुणे टाळ्या वाजवतायत. असं प्रदर्शन डोळ्यांना छान दिसतं. पण शेकडोंच्या त्या रांगेत एखादं पोर घाबरलेलं असेल तर ते कुणाला दिसणार?

मग एकाच शाळेत तीन-तीन गोष्टी चालू झाल्या. शारीरिक शिक्षण वेगळं, साहाय्यक छात्र सेना वेगळी, एनडीएस वेगळी. याचा मेळ घालायला १९५९ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. स्वातंत्र्याच्या आधी छात्र सेनेचा, म्हणजे पुढच्या एनसीसीचा, आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्षही हेच कुंझरू. समितीनं सांगितलं, हे सगळं एकत्र करा, आणि तो शाळेच्या रोजच्या शिक्षणाचा भाग होऊ द्या, वरून चिकटवलेली वेगळी योजना नको. त्याच सुमारास चीनचं युद्ध झालं. १९६३ मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली. जनरल भोसले त्याच वर्षी गेले. १९६५ मध्ये एनडीएसचं रूपांतर 'नॅशनल फिटनेस कोअर'मध्ये झालं, आणि पुढच्या दशकात तिचे शिक्षक राज्यांकडे वर्ग करण्यात आले. निर्वासित मुलं हा शब्द या प्रवासात कुठेतरी गळून पडला.

दुसरी उणीव आणखी खोल आहे. या सगळ्या कवायतीत मुलांना कुणी विचारलं का, 'बाळा, तू काय पाहिलंस?' तो काळ विचारण्याचा नव्हताच. विसरा, पुढे चला, देश बांधा. उर्वशी बुटालिया यांचं 'द अदर साइड ऑफ सायलेन्स' हे पुस्तक १९९८ मध्ये आलं. फाळणीत मूल असलेली माणसं, तेव्हाच्या बायका, पन्नास वर्षांनी बोलायला लागली. पन्नास वर्षं! कवायतीनं त्यांना उभं राहायला शिकवलं असेल, पण मनातलं बोलायला जागा दिली नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आपल्याकडचं बघू

तुम्ही म्हणाल, फाळणी कुठे आणि आपलं जेऊर कुठे. पण विस्थापन आपल्या दारात झालंय. उजनी धरणाचं पाणी चढलं तेव्हा भीमाकाठची करमाळा, इंदापूर, माढा, दौंड, कर्जत या तालुक्यांतली गावं हलली. जुना लोहमार्गही हलला. पळसदेवचं मंदिर पाण्यात गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर दिसतं आणि लोक फोटो काढायला जातात. त्या गावांत शाळा होत्या. पोरं दुसऱ्या गावच्या शाळेत 'धरणग्रस्त' म्हणून बसली. त्यांना कुणी काय विचारलं असेल?

मग किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चारला थोडा वेळ कमी. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं झोपलेली. इथपर्यंत धक्के जाणवले होते. आमच्या घरची माणसं अंगणात येऊन उभी राहिल्याचं अजून सांगतात. लातूर-उस्मानाबाद भागात जवळपास दहा हजार माणसं गेली. तेव्हा शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेनं तिथली बाराशे मुलं पुण्याला नेऊन शिकवली. कस्तुरबा निकेतननंतर चाळीस वर्षांनी तोच प्रश्न, की ज्या मुलानं घर पडताना पाहिलं त्याला शाळेत कसं बसवायचं?

आणि २१ मे २०२४. आपल्या कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली. सहा जीव गेले. या पट्ट्यातल्या किती शाळांत त्या जूनमध्ये पावसाचा पहिला गडगडाट झाल्यावर एखादं पोर दचकलं असेल, ते मोजायची काही सोय आपल्याकडे नाही.

परत नानांकडे

हे सगळं आत्ता सांगायचं कारण आहे. जून २०२५ मध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी जाहीर केलं, की पहिलीपासून मुलांना प्राथमिक लष्करी प्रशिक्षण द्यायचं आणि त्यासाठी माजी सैनिकांची मदत घ्यायची. त्याच्या महिनाभर आधी, ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली, सायरन वाजले. म्हणजे अनेक नाना शाळेत जाणार आहेत. सत्तर वर्षांपूर्वी एक फौजी माणूस शाळेत गेला, तर त्याचं काय साधलं आणि काय राहिलं, हे त्यांना माहीत असायला हवं.

जगात आता या विषयावर बरंच लिहिलं गेलंय. अमेरिकेतल्या सॅम्सा या सरकारी संस्थेनं २०१४ मध्ये आघाताची जाण ठेवून काम कसं करायचं याची सहा तत्त्वं मांडली. सुरक्षितपणाची भावना, विश्वास आणि उघडपणा, बरोबरीच्यांचा आधार, मिळून काम, माणसाच्या हातात निर्णय, आणि त्याच्या समाजाची, संस्कृतीची जाण. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २००९ मध्ये आपत्तीनंतरच्या मानसिक आधारावर आणि २०१६ मध्ये शाळेच्या सुरक्षेवर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

मी आणि नाना परवा वही घेऊन बसलो. भोसल्यांचं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, अशी दोन खाती केली.

घ्यायचं ते असं. रोजची ठरलेली वेळ. कामं मुलांच्या हातात. कुणी दार उघडायचं, कुणी हजेरीपट घेऊन बाहेर पडायचं, कुणी लहान वर्गाचा हात धरायचा.

सोडायचं ते असं. अचानकपणा नको. ड्रिल कधी आहे, कसला आवाज होणार आहे, किती वेळ चालणार आहे, हे आदल्या दिवशी मुलांना आणि घरच्यांना सांगायचं. पहिल्यांदा नुसतं चालून दाखवायचं, मग शाळेची घंटा, आणि सायरन लागणारच असेल तर शेवटी. कोणत्या मुलाच्या घरी काय झालंय हे बाईंना ठाऊक असतं, म्हणून आधी त्यांच्याशी बोलायचं, आणि ते आपल्यापाशीच ठेवायचं. ज्याला नको वाटतंय त्यानं बाईंजवळ उभं राहिलं तरी चालेल, पण त्याला बाहेर पडायची वाट मात्र ठाऊक हवी. झाल्यावर पाच मिनिटं खाली बसायचं, पाणी प्यायचं, कसं वाटलं ते ज्याला बोलायचंय त्यानं बोलायचं. जो गप्प आहे त्याला खोदून विचारायचं नाही. आणि एखाद्या पोराचं दुखणं आपल्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर डॉक्टर, समुपदेशक. नाना फौजी आहेत, डॉक्टर नाहीत.

नानांनी हे सगळं वहीत लिहिलं, तारीख घालून, फौजी अक्षरात. मग म्हणाले, "खरी परिस्थिती सांगून येत नाही, हे मी म्हणालो होतो. पण आम्हाला ट्रेनिंगमध्ये सगळं सांगूनच शिकवलं की रे. आधी चालायला, मग पळायला, मग गोळी." हे त्यांचं त्यांनाच सुचलं. मी काही बोललो नाही.

दुसरं ड्रिल झालं. सायरन नव्हता, घंटा होती. नानांनी त्या मुलाला आधी जाऊन विचारलं, घंटा तू देतोस का? तो नाही म्हणाला. नाना म्हणाले, बरं. ड्रिल चालू असताना तो बाईंचा पदर धरून वऱ्हांड्यात उभा होता. बाकाखाली नव्हता, एवढं मी तुम्हाला सांगू शकतो. पुढचं ड्रिल दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे.

तुमच्या गावात असे कुणी माजी सैनिक शाळेत जात असतील, तर हा भाग त्यांना ऐकवा. आणि तुमच्या घरात कुणाला 'एनडीएसचे सर' आठवत असतील, त्यांची एखादी आठवण असेल, तर मला नक्की कळवा. त्या माणसांवर फार थोडं लिहिलं गेलंय.

आता साडेसातची वेळ झाली, गाडी येईल. थांबतो. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.